चार नंबर गेटवरची सावली

३ ऑक्टोबर, शुक्रवार

"मेन स्विच बंद!" मी जिन्यातून ओरडले.

"मेन स्विच बंद," बाबा आतून, शिडीवरून.

"बरोबर."

मगच त्यांनी होल्डरला हात लावला. एका बल्बला तीन माणसं — मी जिन्यात स्विचपाशी, बाबा वर, माझी लेक खाली शिडी धरून. दुसऱ्या घरात हे काम एक जण चहा उकळेपर्यंत उरकतो. पण बाबा चौतीस वर्षं अणुवीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये होते. तिथली रीत अशी, की एकाने सांगायचं, दुसऱ्याने तेच मोठ्याने परत म्हणायचं, आणि पहिल्याने 'बरोबर' म्हणायचं. त्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली. रीत घरी आली ती राहिलीच. आमच्याकडे मीठ मागितलं तरी देणारा आधी 'मीठ' म्हणतो.

थोड्या वेळाने आत डोकावले. लेकीच्या एका हातात शिडी, दुसऱ्या हातात फोन. ऑफिसचा असणार, कारण ती ताठ उभी होती. "हो सर, ठेवते," म्हणाली. आणि वरून बाबा म्हणाले, "बरोबर."

मला वाटलं, बल्ब बसला. परत जाऊन स्विच लावला. बल्ब त्यांच्या हातातच होता! अशा चुकीवर पूर्वी तासभर ऐकावं लागायचं. आज फक्त "स्विच बंद कर" एवढंच. तेही शांतपणे.

संध्याकाळी लेकीने मला वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने गच्चीवर नेलं. तिच्या कंपनीला जागा मिळाली आहे — केंद्राची उत्तरेकडची पट्टी, चार नंबर गेटच्या आतली. केंद्र एकतीस तारखेला कायमचं बंद होणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या पट्टीवर सौर पॅनेल बसणार, हे अजून कुणाला नाही. एक नोव्हेंबरपासून काम. साइट इंजिनिअर ती. आजवर दुसऱ्यांच्या हाताखाली घरांच्या छतांवर पॅनेलं बसवली, आता पंचविसाव्या वर्षी पहिली स्वतःची साइट.

"आजोबांना कसं सांगू? त्यांचं केंद्र अजून थंडही झालेलं नसणार, आणि दुसऱ्या दिवशी मी फीत घेऊन मापं घ्यायला हजर."

"त्यांनी फोन ऐकला नसेल?"

"ते बल्बात होते. आणि त्यांचे कान."

खरं आहे. त्यांचे कान हल्ली सोयीने चालतात.

"सरळ सांगून टाक," मी म्हटलं.

"तू सांगशील?"

"तुझी साइट, तू सांग."

"मग तोवर तू गप्प राहायचं."

"तोवर गप्प."

"बरोबर," ती म्हणाली. तीसुद्धा.


४ ऑक्टोबर

सांगितलं नाही. नाश्त्याला बाबांनी तिला दोन उकडलेली अंडी सोलून दिली. अंडी सोलून देणाऱ्या माणसाला असलं काय सांगणार, म्हणते.


६ ऑक्टोबर, सोमवार

प्रकाशकाकडून प्रुफं आली. नववीचं विज्ञान, धडा अकरा, 'उद्याची वीज'. मी फक्त शुद्धलेखन आणि विरामचिन्हं बघायची. विज्ञान बघणारे वेगळे असतात. पण घरात दोन तज्ज्ञ फुकट बसलेले. जेवणं झाल्यावर धडा टेबलावर ठेवला. ठेवायला नको होता.

पहिलं वाक्य — सौर ऊर्जा स्वच्छ व अमर्याद आहे.

"अमर्याद?" बाबा म्हणाले. "यांचा सूर्य संध्याकाळी सहाला पाळी अर्धवट टाकून घरी जातो. बदली माणूस न पाठवता. आमच्याकडे कुणी असं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याला गेटातून आत घेतलं नसतं."

"बॅटरी असते, आजोबा."

"किती तास?"

"चार."

"आणि रात्र?"

"दोन वर्षांत आठ होतील."

"रात्र?"

"बॅटरी, आजोबा."

दुसरं वाक्य — अणुऊर्जा शक्तिशाली परंतु धोकादायक आहे.

"हा परंतु कुणी घातला?"

"परंतु राहू दे," लेक म्हणाली. "तुमच्या भट्टीतली राख किती वर्षं सांभाळायची, ते सांगा."

"हजारो."

"कोण सांभाळणार?"

"पुढच्या पाळीचा माणूस."

"आणि तो आलाच नाही तर?"

"आला नाही तर आपण जागा सोडायची नाही. पण येतो. तो आला म्हणून मी चौतीस वर्षं रोज घरी आलो. तुम्ही समाज समाज म्हणता ना, तो माझ्या मते एवढाच. पुढचा येईल या भरवशावर आधीचा बसलेला असतो."

"आमच्याकडे बसावंच लागत नाही कुणाला. काच पुसली की झालं. ज्याच्या त्याच्या छतावर ज्याची त्याची वीज. कुणाच्या भरवशावर नाही."

"सावली पडली की काय होतं?"

लेक खोटं बोलत नाही, हा तिचा दोष. "एका पॅनेलवर पडली तरी पूर्ण रांग मंदावते."

"मग बघ. तुझी पॅनेलंही एकमेकांच्या भरवशावरच की."

लेकीने त्यांना उशी फेकून मारली. प्रुफाच्या दोन्ही कडा पेन्सिलीने भरल्या — डावीकडे आजोबा, उजवीकडे नात. एक स्वल्पविराम तपासून झाला नाही.


९ ऑक्टोबर

बाबांचा जुना शिष्य आला होता. केंद्राचा शेवटचा पाळीप्रमुख तोच. पन्नाशीचा आहे, पण बाबांसमोर खुर्चीच्या टोकावर बसतो.

"साहेब, एकतीसला दुपारी दोनला. तुम्ही हवेत."

"पास लागेल."

"तुम्हाला कसला पास, साहेब?"

"पास लागेल. तीन. या दोघींचाही." मग लेकीकडे वळून, "ज्युनिअर, मोकळी आहेस ना त्या दिवशी?"

सहा वर्षांची असल्यापासून ती ज्युनिअर. तिचे वडील बोटीवर, वर्षाचे आठ महिने समुद्रात. पोर आजोबांच्या अंगाखांद्यावर वाढली. त्यांच्या जुन्या लॉगबुकात घरं आणि मांजरी काढायची, आणि प्रत्येक मांजरीपुढे ते वेळ लिहून सही करायचे.

"मोकळी आहे," ती म्हणाली. कान लाल.


१० ऑक्टोबर

नाही सांगितलं.


१३ ऑक्टोबर, सोमवार

बाबा बाजारातून खोकं घेऊन आले. घोट्याच्या वर येणारे जाड बूट, तिच्या मापाचे. तिला खुर्चीवर बसवून नाडी कशी बांधायची ते दाखवलं. वरची दोन भोकं सोडून खाली आडवी गाठ, म्हणजे तारेत अडकत नाही.

"छतावर एवढे बूट कशाला, आजोबा?"

"कधी जमिनीवर जावं लागतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पावाला लोणी लावत होते. आधीच लावलेल्या पावाला.


१६ ऑक्टोबर

आज सांगणार, असं जिन्यात माझ्यासमोर दोनदा म्हणून पाहिलं. पहिल्यांदा फार सरकारी वाटलं, दुसऱ्यांदा रडकं. मग त्यांच्या खोलीत गेली.

ते घड्याळाला किल्ली देत होते. ते घड्याळ म्हणजे घरातलं चौथं माणूस. पहिल्या पाळीची बस सव्वापाचला यायची, म्हणून गजर चार चाळीसला. बस सोळा वर्षांपूर्वी सुटली. गजर अजून वाजतो. ते उठतात, दात घासतात, खिडकीशी बसून केंद्राच्या चिमणीवरचा लाल दिवा बघतात. सहा वाजले की 'चला' म्हणतात आणि मला चहा टाकायला सांगतात. लहानपणी मी त्या गजराचा राग राग केला. आता तो नाही वाजला तर मी दचकून उठेन.

पाव तासाने लेक बाहेर आली.

"सांगितलंस?"

"त्यांनी मला किल्ली द्यायला शिकवली."

"कसली?"

"घड्याळाची. साडेसात फेरे. आठवा दिला तर स्प्रिंग रुसते."


१९ ऑक्टोबर, रविवार

बाबा केस कापायला गेले म्हणून तिने साइटचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. अख्खं टेबल भरलं. पॅनेलच्या रांगा, रांगांच्या मध्ये वाटा, कोपऱ्यात गेट. अठ्ठावीस तारखेला मंजुरीला पाठवायचा आहे. न्हाव्याकडे गर्दी होती म्हणून बाबा दहा मिनिटांत परत. आम्ही दोघींनी नकाशावर प्रुफं, वर्तमानपत्र, फळांची टोपली, जे हाताला लागेल ते टाकलं.

ते शांतपणे येऊन बसले. वर्तमानपत्र उचललं. घडी घातली. चहा मागितला.

"कागद मोठा आहे," म्हणाले.

"ऑफिसचं आहे, आजोबा."

"हं."

चहा पिऊन झाल्यावर ते आत गेले. नकाशा गुंडाळताना पाहिलं, तर वरच्या उजव्या कोपऱ्यात कपाचा गोल डाग. लेक चिडचिड करत ओल्या कापसाने पुसत बसली. बाबा आयुष्यात कधी बशीशिवाय कप ठेवत नाहीत. वय झालं, असं ती म्हणाली. मलाही तसंच वाटलं, आणि वाईट वाटलं.


२१ ऑक्टोबर

बाबांना कंपासपेटी हवी होती. लेकीची शाळेतली काढून दिली. कोनमापकावर अजून तिच्या दातांचे ठसे आहेत.

"डिसेंबरात दुपारी तीनला सूर्य किती वर असतो? तुझ्या धड्यात आहे का?"

"धडा अकरामध्ये नाही."

"असायला हवं."

दुपारभर दार लोटून बसले होते. धड्यासाठी आकृती काढत असतील. लुडबुड केली नाही.

संपादकांचा फोन. धड्याला शेवट नाही, म्हणतात. "मुलांना एक ठाम वाक्य द्या. भविष्य कशात आहे — सौर की अणू. परीक्षेत विचारता आलं पाहिजे." मी म्हटलं, मी प्रुफं बघते, भविष्य नाही. ते हसले, पण वाक्य शुक्रवारपर्यंत हवं आहे.


२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज आमचं दोघींचं वाजलं. मी म्हटलं, सात दिवस राहिले. तिथे गेल्यावर दुसऱ्या कुणाकडून कळलं तर त्यांना काय वाटेल? त्यांच्या शिष्याला जागेचं माहीत असणारच.

"तू त्यांना कधी काही सांगितलंस?" ती म्हणाली. "तोंडाने?"

वर्मी लागलं. मी विज्ञान सोडून साहित्य घेतलं, ते त्यांना कॉलेजच्या पावतीवरून कळलं. पावती हातात धरून त्यांनी मोठ्याने वाचलं, "साहित्य." मी म्हटलं, "बरोबर." संपलं. तो विषय पुन्हा निघाला नाही. तीस वर्षं मी धरून चालले, की ते रागावले होते.

आज ही वही लिहिताना प्रथमच वाटतंय — ते कदाचित फक्त परत म्हणत होते. नीट ऐकलं, हे मला कळावं म्हणून.


२५ ऑक्टोबर

प्रुफं पाठवायच्या आधी कडा पुसायला घेतल्या. तेव्हा तळाशी दोन ओळी दिसल्या, वाद झाला त्या रात्री त्या नव्हत्या. सौर परिच्छेदाखाली बाबांचं अक्षर : 'तीन महिन्यांत उभं राहतं. आम्हाला नऊ वर्षं लागली. हे मुलांना सांगा.' अणू परिच्छेदाखाली लेकीचं : 'इतकी वर्षं कुणी ना कुणी तिथे जागं बसलं होतं. हेही लिहा.'

दोघांनी एकमेकांच्या नकळत, एकमेकांच्या बाजूने.

पुसल्या नाहीत. वाक्य काही सुचलं नाही. संपादकांना ताप आल्याचं खोटं सांगितलं. मला.


२७ ऑक्टोबर, सोमवार

सगळं लिहून ठेवते, जसं झालं तसं.

जेवणं झाली. बाबांनी टेबल स्वतः पुसलं. मग कोरडं केलं. खोलीतून कंपासपेटी आणि एक निळी वही आणली.

"ज्युनिअर, नकाशा आण."

"कुठला नकाशा?"

"उत्तर पट्टीचा. चार नंबर गेट."

तिचा चेहरा मी बघू शकले नाही. मी बाबांकडे बघत होते, आणि ते पेन्सिलीला टोक करत होते.

"तुम्हाला कधी कळलं?" नकाशा आणून टेबलावर पसरत ती.

"तीन तारखेला. मी शिडीवर होतो, तू खाली. तुझ्या साहेबांनी सांगितलेलं सगळं तू परत म्हणालीस. एक नोव्हेंबर, शनिवार. केंद्राची उत्तर पट्टी. गेट चार. साइट इंजिनिअर मी. नकाशा अठ्ठावीसपर्यंत. खणखणीत, एक शब्द न गाळता. मी वरून बरोबर म्हटलं."

लेकीने कपाळावर हात मारला. दुसऱ्या कुणाही मुलीने फोनवर नुसतं 'हो सर' म्हटलं असतं. ही आजोबांच्या डोक्याखाली उभी राहून आजोबांच्या पद्धतीने गुपित परत म्हणाली, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. सवय ती. श्वास घेतल्यासारखी.

"मग बोलला का नाहीत? चोवीस दिवस!"

"सांगायचं तुला होतं. ज्याचं आहे त्याने सांगायचं, दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही. मी एकतीसपर्यंत थांबणार होतो. गेटात गेल्यावर तू सांगशीलच, असं वाटत होतं." त्यांनी नकाशा सरळ केला. "पण हा उद्या जाणार. आणि यात चिमणी नाही."

"चिमणी पाडणार ना?"

"कधी?"

"केंद्र बंद झाल्यावर. मला दिलेल्या कागदावर लिहिलं होतं, केंद्र बंद. म्हणून मी ती काढली."

"बंद करणं वेगळं आणि पाडणं वेगळं. मध्ये दहा-बारा वर्षं जातात. आधी निवू द्यायचं. मग धुवायचं. मग आतून एकेक काढायचं. आतली हवा तोवर तिच्यातूनच बाहेर सोडणार. चिमणी सगळ्यांत शेवटी."

ती नकाशावर चिमणीची जागा शोधू लागली.

"दुपारच्या पाळीला आम्ही सायकलींवर यायचो. ऊन असायचं. सायकली गेटाच्या डाव्या हाताला लावायचो, ईशान्येच्या कोपऱ्यात. का? तर थंडीत तीन वाजले की तिथे चिमणीची सावली यायची. चहाला बाहेर आलो की सीट गार. उन्हाळ्यात तीच सावली दुसरीकडे जायची, मग आम्हीही सायकली हलवायचो." त्यांनी कोनमापक ठेवला. "शंभर मीटरची चिमणी. डिसेंबरात तीन वाजता दोनशे मीटर लांब सावली. इथून इथे सरकते. तुझ्या नऊ रांगा एकामागून एक मंदावणार, आणि तुला वाटणार तारेत बिघाड आहे."

पेन्सिलीची रेघ बरोबर त्या कोपऱ्यातून गेली, जिथे कपाचा डाग होता.

"मी त्या दिवशी तिथेच कप ठेवला होता," बाबा म्हणाले. "बशीशिवाय. तू पुसून टाकलास."

मला हसू आलं आणि मी स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा लेक विचारत होती, "रागावलात?"

"कशाला?"

"तुमच्या जागेवर मी—"

"माझी कुठली जागा? मी पाळीवर होतो."

मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "त्या पट्टीवर कुणी काही बांधायचं नाही, असा नियम होता. म्हणून ती मोकळी. चौतीस वर्षं आम्ही रिकाम्या जमिनीला कुंपण घालून पहारा दिला. आता तिथे काही होतंय. आणि ते तू करतेयस. आणखी काय पाहिजे?"

"पण तुम्हाला सौर पटत नाही."

"सूर्याचं सहा वाजता जाणं पटत नाही. ते मी सूर्याला सांगेन. तू एक कर. वापरलेलं इंधन तिथे हौदात आहे, पाण्याखाली. केंद्र बंद झालं तरी ते पाणी फिरवत ठेवावं लागतं, पुढची कित्येक वर्षं. त्या पंपांना दिवसा तुझी वीज मिळेल का?"

"बघते."

"बघते म्हणजे काय?"

ती ताठ बसली. "हौदाच्या पंपांना दिवसा आमची वीज देता येईल का, ते साहेबांना विचारते. बुधवारपर्यंत."

"बरोबर," बाबा म्हणाले. मग नऊ रांगा कुठे सरकवायच्या, यावर त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. मी मध्ये पडले नाही. इतकं सुंदर भांडण बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.


२८ ऑक्टोबर

नकाशा गेला. चिमणीसकट.

प्रुफंही पाठवली. शेवटचं ठाम वाक्य दिलं नाही. तिथे मुलांसाठी प्रश्न घातला : तुमच्या घरातली वीज या क्षणी कोण सांभाळत आहे, ते शोधून काढा. दोन्ही पेन्सिलीच्या ओळी शाईने लिहून काढल्या. संपादक ओरडतील.


२९ ऑक्टोबर

ओरडले. मग म्हणाले, ठेवू या.

पंपांचं उत्तर आलं. देता येईल, मोजमाप करावं लागेल. लेकीने बाबांना तोंडाने सांगितलं. आपण होऊन.


३१ ऑक्टोबर, शुक्रवार

बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. खिशाला पास. लेकीने नवे बूट.

कंट्रोल रूम मी आयुष्यात प्रथम पाहिली. लहानपणी वाटायचं, आत आग असेल. आत हिरवट भिंती, घड्याळं, दिवे, आणि माणसं हळू बोलणारी. दवाखान्यासारखं. आम्ही काचेपलीकडे उभे. बाबांना शिष्याने आत बोलावलं, ते नाही म्हणाले.

दोन वाजता शिष्याने सूचना वाचली. समोरच्या बाईने ती परत म्हटली. शिष्य म्हणाला, "बरोबर." तिने कळ दाबली.

काही झालं नाही. आवाज नाही, धक्का नाही. एक काटा खाली येऊ लागला, सगळे तिकडे बघत होते. बाबांचे ओठ हलत होते. ते आकडे परत म्हणत होते, आवाज न करता. काटा तळाला टेकला तेव्हा ते गप्प झाले.

शिष्याने लॉगबुकात वेळ लिहिली, सही केली, आणि वही घेऊन बाहेर आला. "साहेब, शेवटच्या पानावर तुमचीही सही."

"मी ड्यूटीवर नाही," बाबा म्हणाले. "ड्यूटीवर तू आहेस. आणि शेवटचं पान कशाला म्हणतोस? हौदावर उद्या सकाळी कोण आहे?"

"मीच, साहेब."

"मग झालं."

तिथून ते सरळ चार नंबर गेटवर गेले. कोरडं गवत, जुनं कुंपण. तीन वाजायला आले होते. पहारेकऱ्याने खुर्ची दिली, ते बसले नाहीत. निळी वही उघडून वाचायला लागले. लेक समोर उभी राहून एकेक परत म्हणत होती.

"नोव्हेंबर ते जानेवारी धुकं साडेनऊपर्यंत."

"नोव्हेंबर ते जानेवारी धुकं साडेनऊपर्यंत."

"बरोबर. नैऋत्येला जमिनीखाली जुना नाला. जड गाडी नेऊ नको."

"नैऋत्येला जुना नाला. गाडी नाही."

"जड गाडी."

"जड गाडी नाही."

"बरोबर. गेटाच्या आत उजव्या हाताला टिटवी अंडी घालते. मार्चमध्ये. दगडांसारखी दिसतात."

"मार्च, टिटवी, उजवा हात. दगड बघून पाऊल."

एकवीस नोंदी होत्या. सायकलींच्या जागेवर सावली आली, त्यांच्या पायांवरून गेली. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं नाही. त्याबद्दलची नोंद सतरावी होती, आणि ते अजून बाराव्या नोंदीवर होते.

मी कुंपणाला टेकून उभी होते. खोटं कशाला लिहू — मला हेवा वाटला. मला त्यांनी अशी वही कधी दिली नाही. मग आठवलं, मी कधी मागितली नाही. आणि मग हेही आठवलं, की माझ्याकडे ही वही आहे. बाबा रोज लॉग लिहायचे म्हणून मी आठव्या वर्षी लिहायला लागले. ही मलाच मिळालेली.

शेवटी त्यांनी निळी वही मिटून तिच्या हातात दिली.

"पाळी दिली."

"पाळी घेतली," लेक म्हणाली.

बाबा थांबले. आम्हाला वाटलं, नेहमीचा शब्द येणार. त्यांनी नुसती मान हलवली आणि म्हणाले, "आता मला बसायला द्या." पहारेकऱ्याने खुर्ची पुढे केली.


१ नोव्हेंबर, शनिवार

गजर चार चाळीसलाच वाजला, पण लेकीच्या खोलीत. घड्याळ तिच्या उशाशी होतं. ती धुकं बघायला पाचलाच गेली, निळी वही घेऊन.

बाबा उठले नाहीत. सहाला नाही, सातला नाही. दोनदा दारात जाऊन पांघरूण हलतंय का पाहिलं. हलत होतं. सव्वाआठला त्यांनी डोळे उघडले.

"धुकं उठलं का?"

"तिचा निरोप नाही आला अजून."

"येईल," म्हणाले, आणि कुशीवर वळून परत झोपले.